वाघाची पायपीट

यवतमाळ जिल्ह्यातल्या टिपेश्वर अभयारण्यातून निघालेला एक तरुण वाघ नऊ महिन्यांत ३,००० किलोमीटर चालला, ही बातमी आता जुनी झाली. २०१९ च्या जूनमध्ये तो निघाला आणि २०२० च्या मार्चपर्यंतची त्याची वाटचाल मोजली गेली. देशोदेशीच्या वर्तमानपत्रांनी त्याची दखल घेतली. ‘वॉकर’, म्हणजे चालणारा, असे त्याचे बारसेही झाले. आपल्याकडे लोकांनी तोंडात बोट घातले. पण तेवढ्यात करोनाची टाळेबंदी आली, माणसांच्याच पायपिटीच्या बातम्या येऊ लागल्या आणि वाघ मागे पडला.

मला मात्र त्या बातमीतला एक शब्द अजून सोडत नाही. तो शब्द म्हणजे ‘चालला’. वाघ म्हटले की आपल्याला त्याची झेप आठवते, डरकाळी आठवते. चालणे कुणाच्या डोळ्यांसमोर येत नाही. आयुष्यभर प्राणिशास्त्र शिकवल्याचा परिणाम असेल, पण ‘किती चालला’ यापेक्षा ‘कसा चालला’ हा प्रश्न मला अधिक मोलाचा वाटतो. कारण वाघाचे शरीर लांब पल्ल्यासाठी घडलेलेच नाही. ते घडले आहे दबा धरण्यासाठी. मग दबा धरणाऱ्या या गड्याने यवतमाळपासून बुलढाण्यापर्यंतची मजल मारली कशी? आणि असा दुसरा कुणी उद्या निघाला, तर त्याला ती मारता येईल का?

आधी प्रवासाचा हिशेब मांडू. या वाघाचे सरकारदरबारचे नाव ‘टी-वन-सी-वन’. २०१६ साली टिपेश्वरच्या एका वाघिणीला झालेल्या तीन बछड्यांपैकी हा एक. (राळेगावच्या परिसरात जिची दहशत बसली होती ती ‘टी-वन’ वेगळी, तिचा उल्लेख पुढे येईलच.) २०१९ च्या फेब्रुवारीत त्याच्या गळ्यात पट्टा बांधण्यात आला. उपग्रहांच्या मदतीने वाघ कुठे आहे याची नोंद हा पट्टा दर थोड्या वेळाने करी. अशा ५,००० हून अधिक नोंदी जमल्या. यवतमाळ, तेलंगणातला आदिलाबादचा भाग, नांदेड, हिंगोली, अकोला असा फिरत फिरत डिसेंबरात तो बुलढाणा जिल्ह्यातल्या ज्ञानगंगा अभयारण्यात पोचला आणि तिथे थबकला.

नऊ महिने म्हणजे सुमारे २७० दिवस. म्हणजे दिवसाला सरासरी ११ किलोमीटर. माणसाच्या चालीने तीन तासांचा रस्ता. आकडा ऐकून कुणी म्हणेल, हात्तिच्या! पंढरीचा वारकरी याहून अधिक चालतो. खरे आहे. पण वारकऱ्याला वाट ठाऊक असते, मुक्काम ठरलेला असतो आणि वाटेत पंगती उठत असतात. वाघाला यातले काहीच नव्हते. नकाशावर टिपेश्वर आणि ज्ञानगंगा यांच्यामध्ये सरळ रेघ मारली, तर अंतर भरते सव्वादोनशे-अडीचशे किलोमीटर. त्यासाठी तो ३,००० किलोमीटर चालला. पुढे गेला, मागे आला, नदीकाठाने वळसे घेतले, पोचल्यावर त्या जंगलातही भटकला. शिवाय पट्ट्याची मोजणी दोन नोंदींमधल्या सरळ अंतराची असते. मधली वळणे त्यात येत नाहीत. पायांनी कापलेले खरे अंतर याहून जास्तच असणार.

नंदीबैलाची चाके आणि बैलाचे पाय

चालणे ही गोष्ट आपण इतकी गृहीत धरतो, की तिच्याकडे कधी नीट पाहतच नाही. तान्ह्या पोळ्याच्या लाकडी नंदीला चाके असतात. अंगणातल्या फरशीवर तो झकास पळतो. तोच नंदी नांगरलेल्या वावरात नेऊन ठेवा, जागचा हलणार नाही. ढेकळे, दगड, नाले, काटेकुटे असलेल्या जमिनीवर चाक नव्हे, पायच चालतो. पाय उचलता येतो, नको ती जागा ओलांडून हवी तिथे टाकता येतो.

चार पायांचा प्राणी हे चार पाय कोणत्या क्रमाने टाकतो? घरात मुले असतील तर त्यांना विचारून पाहा. बहुतेक जण चुकीचे सांगतात. वर्गात मी हा प्रश्न दरवर्षी टाकत असे आणि एखादाच हात वर येई. तो बहुधा शेतकऱ्याच्या घरातल्या मुलाचा असे. क्रम असा: डावा मागचा, डावा पुढचा, उजवा मागचा, उजवा पुढचा. बैल, म्हैस, घोडा, कुत्रा, मांजर, वाघ, सगळ्यांची संथ चाल बहुधा याच क्रमाने चालते. २००९ साली हंगेरीतल्या काही शास्त्रज्ञांनी निरनिराळी संग्रहालये, चित्रे आणि खेळणी तपासली, तेव्हा चालत्या प्राण्यांचे पाय चुकीचे दाखवल्याची उदाहरणे मोठ्या संख्येने सापडली. धावत्या घोड्याचे चारही पाय एकाच वेळी जमिनीवरून सुटतात की नाही, याचा निकालही डोळ्यांना लावता आला नव्हता. १८७८ मध्ये अमेरिकेत एडवर्ड मायब्रिज याने ओळीने कॅमेरे मांडून घोड्याची छायाचित्रे घेतली, तेव्हा तो लागला. सुटतात!

आता पावलाकडे पाहू. माणूस टाच टेकून चालतो. मांजर आणि वाघ फक्त बोटांवर चालतात. त्यांची टाच कायम हवेत. मांजराचा मागचा पाय ‘उलटा गुडघा’ असल्यासारखा दिसतो ना? तो गुडघा नव्हे, ती टाच. खरा गुडघा वर, पोटाजवळच्या केसांत दडलेला असतो. बैल त्याच्याही पुढे गेलेला. तो थेट नखांवर चालतो. खूर म्हणजे दुसरे काही नसून दोन बोटांची जाड झालेली नखे. पाय जितका उंच टोकावर पेलला जातो, तितकी टांग लांब आणि पडणारे पाऊलही लांब. खुरांचे प्राणी पळण्यात तरबेज असतात याचे एक कारण हे.

चालण्यात ताकद कशी वाचते, हे समजून घ्यायला सायकल आठवा. छोट्या चढ-उतारांचा रस्ता असला, तर उतारावर मिळालेला वेग पुढचा चढ चढायला कामी येतो. पायडल कमी मारावे लागते. चालतानाही तसेच होते. पाऊल टेकले की शरीर त्या पायावरून कमानीसारखे वर चढते, तेव्हा वेग थोडा कमी होतो. कमान ओलांडली की शरीर खाली येते आणि गेलेला वेग परत मिळतो. घड्याळाचा लंबक उलटा टांगला तर कसा झुलेल, तसे हे. या देवघेवीमुळे स्नायूंना प्रत्येक पावलाला सगळा जोर नव्याने लावावा लागत नाही. लांब पल्ल्याचे प्राणी या हिशेबात फार पक्के असतात.

गुपचूप चालण्याची किंमत

वाघाच्या शरीराने मात्र वेगळा सौदा केला आहे. त्याला दूर जाण्यापेक्षा, चाहूल न देता जवळ जाणे महत्त्वाचे. त्यासाठी त्याच्या अंगात काय काय सोयी आहेत ते पाहण्यासारखे आहे.

पहिली सोय तळव्यांची. बोटांखाली आणि मागे मऊ गाद्या. प्रौढ नर वाघाचे वजन दोन क्विंटलच्या घरात. तेवढा कापूस बंडीत टाकला तरी बंडी कुरकुरते. वाघाच्या पावलाचा आवाज येत नाही. दुसरी सोय नखांची. मांजरकुळातल्या बहुतेक प्राण्यांची नखे एका ताणदार पट्टीने आपोआप मागे ओढलेली असतात. ती बाहेर काढायला जोर लावावा लागतो, आत ठेवायला नाही. म्हणून कुत्र्याच्या पाऊलखुणेत नखांच्या खुणा दिसतात, वाघाच्या चालत्या पाऊलखुणेत सहसा दिसत नाहीत. वाघाच्या पुढच्या पंजाला पाच बोटे असतात, पण ठशात चारच उमटतात. पाचवे आतल्या बाजूला वर असते.

तिसरी सोय खांद्याची. आपला खांदा गळ्याजवळच्या हाडाने छातीच्या पिंजऱ्याशी जोडलेला असतो. वाघात ते हाड नावापुरते उरले आहे. त्याच्या खांद्याची फळी फक्त स्नायूंनी अडकवलेली, त्यामुळे ती पाठीवर खालीवर सरकते. घरातले मांजर चिमणीवर टपून पुढे सरकत असते, तेव्हा त्याच्या पाठीवर दोन उंचवटे आळीपाळीने वर येताना दिसतात. त्याच त्या फळ्या. खांदा असा मोकळा असल्यामुळे अंग खाली दाबून, डोके जराही न हलवता पाय पुढे टाकता येतो.

चौथी गोष्ट मला सगळ्यात विलक्षण वाटते. जंगलात दबकत चालताना वाघाचा मागचा पंजा बरेचदा पुढच्या पंजाच्या ठशावर किंवा अगदी त्याला लागून पडतो. पुढच्या पायाने चाचपलेली, काटकी नसलेली जागा मागच्या पायाला आयती मिळते. पण मागचा पाय वाघाला दिसत तर नाही! मग तो बरोबर जागी पडतो कसा? कॅनडातल्या अल्बर्टा विद्यापीठातल्या संशोधकांनी २००६ मध्ये मांजरांवर एक साधा प्रयोग मांडला. मांजराने पुढच्या पायांनी एक छोटा अडथळा ओलांडला की त्याला मध्येच थांबवायचे, खाऊ दाखवून त्याचे लक्ष दुसरीकडे वळवायचे आणि हळूच तो अडथळा काढून टाकायचा. मांजर पुन्हा चालू लागले की काय करते? कित्येक मिनिटांनंतरही ते मागचे पाय उंच उचलून, आता तिथे नसलेला अडथळा ओलांडत होते! पुढच्या पायांनी काय केले, याची आठवण मागच्या पायांसाठी जपून ठेवलेली असते.

या सगळ्या सोयींची किंमत मोजावी लागते. अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठातल्या शास्त्रज्ञांनी २००८ मध्ये घरगुती मांजरांची चाल जमिनीवरचा दाब मोजणाऱ्या पट्ट्यांवर तपासली. मघाशी सांगितलेली लंबकाची देवघेव मांजरांत बरीच कमी भरली. लांब पल्ल्यावर चालणाऱ्या प्राण्यांच्या तुलनेत त्यांची प्रत्येक पावलाला होणारी बचत थोडी. अंग जितके दबलेले, पाय जितके वाकलेले, तितकी बचत आणखी कमी. म्हणजे गुपचूप चालायचे तर काटकसर सोडावी लागते. लांडगा, कुत्रा हे टिकून पळणारे. भक्ष्याला दमवून धरणे ही त्यांची पद्धत. वाघाची पद्धत म्हणजे जवळ जायचे आणि थोड्या उड्यांत काम उरकायचे. साधले तर साधले, नाहीतर तो पाठलाग सोडून देतो. सारा जोर एकदम लावण्यासाठी घडलेले हे अंग आहे.

हा प्रयोग घरच्या मांजरावरचा आहे, वाघावरचा नाही, हे ध्यानात ठेवायला हवे. वाटेवरून निवांत जाणारा वाघ शिकारीसारखा दबकत चालत नाही. पाय सरळ ठेवून, डुलत चालतो. पण घडण त्याच कुळाची. तेव्हा ३,००० किलोमीटरकडे विक्रम म्हणून पाहण्याऐवजी खर्च म्हणून पाहावे, असे मला वाटते. वाटेत तो रानडुकरे आणि गुरे मारून खात गेला, ती या खर्चाची भरपाई होती.

बंडीवाला झोपला तरी

इतके चालताना वाघाचे डोके काय करत असते? प्रत्येक पाऊल विचार करून टाकायचे म्हटले, तर शंभर पावलांत डोके दमेल. निसर्गाने त्यावर तोड काढली आहे. आपल्या भागातल्या शेतकऱ्याला ती सांगायलाच नको. रात्री बाजारहून परतताना बंडीवाला झोपी गेला, तरी बैल बंडी बरोबर घराशी आणून उभी करतात. पाय कसे टाकायचे हे बैलांचे बैल पाहतात. बंडीवाल्याने फक्त निघताना हाकारायचे आणि फाट्यावर कासरा ओढायचा.

शरीरात बंडीवाला म्हणजे मेंदू आणि बैल म्हणजे पाठीच्या कण्यातला मज्जारज्जू. थॉमस ग्रॅहॅम ब्राऊन या ब्रिटिश शास्त्रज्ञाने १९११ मध्ये मांजरांवरच्या प्रयोगांतून दाखवून दिले, की मेंदूशी संबंध तुटला तरी मज्जारज्जू मागच्या पायांच्या स्नायूंना आळीपाळीने हलवण्याचा ठेका धरू शकतो. १९६६ मध्ये मॉस्कोत शिक, सेवेरिन आणि ऑर्लोव्स्की या तिघांनी त्यापुढची पायरी गाठली. मेंदूच्या देठातल्या एका लहानशा जागेला त्यांनी विजेचा हलका झटका दिला, तर सरकत्या पट्ट्यावर ठेवलेले मांजर चालू लागले. झटका वाढवला तशी चाल वाढली. आधी चाल, मग दुडकी, मग चौखूर धाव. हाकारणारा एकच, हाक मात्र हळू किंवा जोरात. बाकी चार पायांचा मेळ खालीच जमून येतो. आज हे प्रयोग वाचताना अंगावर काटा येतो. पण मणक्याला इजा झालेल्या माणसाला पुन्हा पाय टाकायला शिकवण्याच्या उपचारांची वाट त्यांतूनच निघाली, हेही खरे.

अशा रीतीने चालण्याच्या कटकटीतून मोकळा झालेला मेंदू काय करतो? तो वाट पाहतो, वास घेतो, कान टवकारतो. पुढे पाणी आहे का, दुसऱ्या नराने झाडावर खूण सोडली आहे का, दूरवरचा तो आवाज माणसांचा आहे का, हे सगळे प्रश्न त्याच्या ताब्यात. वॉकर चुकून भटकला, असे काही जण तेव्हा म्हणत होते. मला तसे वाटत नाही. पाय चालत होते ते नेमक्या प्रश्नांची उत्तरे शोधत.

घर सोडावेच लागते

वाघीण पिल्लांना सुमारे दोन वर्षे सांभाळते. त्यानंतर नर पिल्लाला आईची हद्द सोडावी लागते. तिथे आधीच एक मोठा नर असतो आणि त्याला दुसरा खपत नाही. टिपेश्वर अभयारण्य अवघे १४८ चौरस किलोमीटरचे. जंगल चांगले, चितळ-रानडुकरे भरपूर, वाघांची वाढही चांगली. म्हणूनच जागा अपुरी. नव्या नराला रिकामी हद्द हवी, भक्ष्य हवे, पाणी हवे आणि जोडीदारीण हवी. या चार गोष्टी एका ठिकाणी मिळेपर्यंत तो चालत राहतो.

वॉकरच्या वाटेचा नकाशा पाहिला, की ती किती विचित्र प्रदेशातून गेली हे ध्यानात येते. टिपेश्वर ते ज्ञानगंगा या पट्ट्यात सलग जंगल नाही. आहे ती मुख्यतः आपली शेती. पऱ्हाटी, सोयाबीन, तूर. मध्ये पैनगंगेचे खोरे, त्याला मिळणारे नाले, कुठे टेकड्यांवरचे सागाचे तुकडे, पांदण रस्ते. तो निघाला जूनमध्ये, पेरणीच्या वेळेला. पुढे पावसात पिके वाढली, दिवाळीपर्यंत तूर माणसाला झाकेल एवढी झाली. वाघाला उन्हाळ्यातली उघडी काळी जमीन पार करणे वेगळे आणि दोन्ही धुऱ्यांना उभे पीक असताना जाणे वेगळे. हा माझा तर्क आहे. पण ज्याने खरिपातले वावर पाहिले आहे, त्याला तो पटावा.

तो बहुतेक रात्री चालला. दिवसा नाल्यात, झुडपात पडून राहिला. गावेच्या गावे त्याच्या वाटेवर होती आणि बहुतेकांना तो येऊन गेल्याचा पत्ताही लागला नाही. एवढ्या प्रवासात माणसाशी त्याची गाठ पडल्याचा एकच वाईट प्रसंग नोंदला गेला. तो विसावला होता त्या झुडपात काही माणसे शिरली आणि त्यांतला एक किरकोळ जखमी झाला. गुपचूप चालण्यासाठी घडलेले शरीर इथे दोघांच्याही कामी आले. जी कला हरणाला चकवण्यासाठी, तीच माणसाला टाळण्यासाठी.

हे लिहिताना दुसरी बाजू विसरून चालणार नाही. याच जिल्ह्यात पांढरकवडा-राळेगाव भागात दोन वर्षांच्या काळात १३ माणसांचे बळी घेतल्याचा ठपका ‘टी-वन’ वाघिणीवर होता. २ नोव्हेंबर २०१८ च्या रात्री बोराटीच्या जंगलात ती गोळीने मारली गेली. तिला मारावे की नाही यावर तेव्हा देशभर वाद झाला. वाद घालणारे बरेचसे दूर होते. कापूस वेचायला जाणाऱ्या बाया मात्र इथल्या होत्या. घोळक्याने जायचे, मोठ्याने बोलत जायचे, दिवस कलायच्या आत परतायचे, असे ते दिवस होते. शेतमजुरी बुडत होती ती वेगळीच. त्यानंतर काही महिन्यांतच त्याच तालुक्यांच्या शेजारून एक वाघ निघतो आणि शेकडो गावांच्या शिवारांतून कुणाचा जीव न घेता पार होतो. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. वाघाचे कौतुक करायचे तर त्या दोन्ही एकदम ध्यानात ठेवून करायला हवे.

पाय आहेत, वाट हवी

ज्ञानगंगा अभयारण्य २०५ चौरस किलोमीटरचे. भक्ष्य आहे, पाणी आहे, दुसरा नर नाही. चारांपैकी तीन गोष्टी मिळाल्या. चौथी मात्र नव्हती. तिथे वाघीण नव्हती. तिथला तो एकटाच वाघ. त्याच्यासाठी वाघीण आणून सोडावी का, असा विचारही त्या वेळी झाला. २०२० च्या एप्रिलमध्ये त्याच्या गळ्यातला पट्टा निघाला आणि तासातासाची नोंद थांबली.

पण टिपेश्वरचे वाघ चालायचे थांबले नाहीत. २०२४ च्या डिसेंबरात धाराशिव जिल्ह्यातल्या येडशी रामलिंग घाट अभयारण्यात एक नर वाघ कॅमेऱ्यात आला. अंगावरचे पट्टे जुळवून पाहिले, तर तोही टिपेश्वरचाच निघाला. प्रत्येक वाघाचे पट्टे वेगळे असतात, आपल्या अंगठ्याच्या ठशासारखे. म्हणजे वॉकर हा एखादा जगावेगळा वाघ नव्हता. चालणे हा त्यांचा नियमच आहे. त्याच्या गळ्यात पट्टा होता म्हणून आपल्याला ते कळले एवढेच.

मात्र वाट बदलली आहे. २०१९ मध्ये नागपूर-मुंबई समृद्धी महामार्ग तयार झालेला नव्हता. त्याचा नागपूर-शिर्डी टप्पा २०२२ च्या डिसेंबरात सुरू झाला आणि २०२५ मध्ये संपूर्ण रस्ता खुला झाला. पैनगंगा-हिंगोलीकडून ज्ञानगंगेकडे जाणाऱ्या वाघाला आता हा रस्ता ओलांडल्याशिवाय गत्यंतर नाही. दोन्ही बाजूंना कुंपण, मध्ये भरधाव गाड्या. प्राण्यांसाठी त्याखालून आणि वरून मार्ग ठेवले आहेत. अशा मार्गांचा उपयोग होतो, हे पेंचच्या जंगलातून जाणाऱ्या राष्ट्रीय महामार्ग ४४ वर दिसले आहे. तिथे पुलांखालून वाघ ये-जा करताना कॅमेऱ्यांत टिपले गेले. पण पेंचमध्ये दोन्ही बाजूंना जंगल आहे. शेतीच्या मुलखात वाघ पुलाखालच्या वाटेपर्यंत पोचायचा, तर नाल्याकाठची झाडे-झुडपे शिल्लक राहायला हवीत. नाला सरळ करून, काठ साफ करून वावरात मिळवला, की आपल्याला दोन तास जास्त मिळतात आणि वाघाची दिवसाची विश्रांतीची जागा जाते.

दुसरा धोका तारेचा. रानडुकरे आणि रोही रातोरात पीक फस्त करतात. त्यासाठी कुणी कुणी धुऱ्यावर तार ओढून तीत चोरून वीज सोडतो. तो गुन्हा आहे आणि त्यात वाघाइतकीच माणसेही मरतात, बरेचदा शेजारच्याच वावरातली. गुपचूप चालण्याच्या सगळ्या सोयी या तारेपुढे फुकट. मऊ गादीला काटकी कळते, वीज कळते तेव्हा उशीर झालेला असतो. पण पिकाची भरपाई वेळेवर आणि पुरेशी मिळाली, तर तार ओढायची पाळी किती जणांवर येईल?

तिसरी गोष्ट वाघाच्या चर्चेत फारशी येत नाही. हिवाळ्यात हरभऱ्याला, गव्हाला ओलित करायचे, तर बऱ्याच गावांत कृषिपंपाची वीज पाळीने रात्री येते. घरातला कर्ता माणूस मग बॅटरी घेऊन, गोधडी पांघरून रात्री दोन वाजता वावरात उभा असतो. म्हणजे वाघाने माणसाला टाळण्यासाठी जी वेळ निवडली, नेमकी त्याच वेळी आपण माणसाला शेतात पाठवतो. दोघांनी वाटून घेतलेले दिवस-रात्रीचे वेळापत्रक आपणच मोडतो. दिवसा पाणी सोडता यावे म्हणून सौरपंप आणि सौर वाहिन्यांच्या योजना आल्या आहेत. त्या शेतकऱ्याच्या झोपेसाठी तर हव्यातच. मी म्हणेन, वाघांच्या मुलखात त्या आधी पोचाव्यात. वाघ वाचवायला एवढा साधा, घराघरातला माणूस खूश होईल असा दुसरा उपाय माझ्या पाहण्यात नाही.

घरात मांजर असेल, तर आज दुपारी मुलांना घेऊन ते चालताना जरा पाहा. कोणता पाय आधी, कोणता नंतर, टाच कुठे, खांद्याच्या फळ्या कशा सरकतात, मागचा पाय कुठे पडतो. आपल्या अंगणात दोन-चार किलोंच्या ऐवजात जे दिसेल, तेच यंत्र दोन क्विंटलचे होऊन टिपेश्वरच्या टेकड्यांत फिरते आहे. दर दोन-चार वर्षांनी त्यातला एखादा तरुण नर घर सोडून निघणार आहे. त्याच्या पायांत काही कमी नाही. नाल्याकाठी थोडी सावली आणि रात्रीच्या वेळी मोकळे वावर एवढे मिळाले, तर तो आपल्या उशापायथ्याने निघून जाईल आणि सकाळी ओल्या मातीत चार बोटांचे ठसे तेवढे राहतील.